केळीचा डाग

लाँड्रीच्या काउंटरवर कुणी कपड्यांचं बोचकं ठेवलं की सासूबाई आधी नाव विचारत नसत, डाग विचारत. शाई असो, गंज असो, रक्त असो नाहीतर गाडीचं वंगण, त्या नुसती मान हलवायच्या, म्हणजे निघेल. पण शर्टाच्या पोटावर काळपट तपकिरी ठिपका दिसला की त्यांचा चष्मा नाकावर घसरायचा. "केळीच्या बागेत गेला होतात?" गिऱ्हाइकानं हो म्हटलं की शर्ट आल्या पावली त्याच्या हातात परत. केळीचा चीक लागला की कापड फाटेल पण डाग जाणार नाही, ही त्यांची काळ्या दगडावरची रेघ होती. चाळीस वर्षांत त्यांनी जगातले सगळे डाग जिंकले होते, हा एक सोडून. हरल्याचा राग त्या साऱ्या केळीच्या जातीवर काढत. घरात केळं खायला बंदी नव्हती, पण साल टाकायला रस्ता ओलांडून जावं लागे.

अशा घरात धाकट्या सुनेनं एका सकाळी मागच्या दारानं केळीची तेरा खोडं हातगाडीवर घालून आणली. वाघाच्या गुहेत शेळीनं बिऱ्हाड थाटावं, तसला हा प्रकार.

धाकटीला लग्न होऊन सात वर्षं झाली होती. या सात वर्षांत तिनं इतक्या चादरी घडी केल्या होत्या, की झोपेतसुद्धा तिचे हात कोपऱ्याला कोपरा लावायचे. काम वाईट नव्हतं, पण त्यात तिचं असं काही नव्हतं. सोडा किती, नीळ किती, वाळत कुठं घालायचं, सगळं सासूबाई ठरवायच्या. इस्त्री नवऱ्याची. हिशेबाची वही आणि गप्पा थोरल्या जाऊबाईंच्या. धाकटीच्या वाट्याला आल्या घड्या.

आणि पंधरवड्यापूर्वी बाजारातून येताना तिच्या हाती ती पट्टी लागली. केळ्यांचा घड केळीच्याच खोडाच्या वाळक्या पट्टीनं बांधलेला होता. घरी आल्यावर ती तोडायला गेली, तर पट्टी तुटेना. ओढली, पायाखाली धरून ओढली, शेवटी बोट कापलं पण पट्टी शाबूत. दुसरी एखादी बाई असती तर चिडली असती. धाकटी बोट तोंडात घालून त्या पट्टीकडे बघत राहिली. मग तिनं ती नखानं सोलली, आणि आतून निघाले केसासारखे लांब, चमकणारे धागे.

झालं. तिच्या पायाला भिंगरी लागली. बागवाले काका दर आठवड्याला मजुरांचे कपडे घेऊन यायचे आणि सासूबाईंकडून तसेच परत न्यायचे; त्यांना तिनं रस्त्यातच गाठलं.

"काका, घड कापल्यावर खोडाचं काय करता?"

"करायचं काय? केळीला घड एकदाच येतो. तो उतरवला की खोड कामातून गेलं. तोडायचं आणि बांधाला टाकायचं. तिथं कुजतं, वास मारतं, डास होतात."

"मला द्याल?"

काकांनी तिच्याकडे, मग लाँड्रीच्या पाटीकडे पाहिलं. "देईन की, उपकारच होतील. पण पोरी, तुझ्या सासूला विचारलंस का?"

तिनं विचारलं नव्हतं. विचारलं तर नाही म्हणतील, आणि मग न ऐकल्याचं पाप लागेल ते वेगळंच, असं तिचं साधं गणित होतं.

तर ती तेरा खोडं मागच्या पडवीत उतरली. केळीचं खोड म्हणजे काही लाकूड नव्हे. एकावर एक गुंडाळलेली जाड, ओली सोपटं असतात. धाकटीनं ती एकेक उलगडली, चार बोटं रुंद पट्ट्या कापल्या आणि थेट चरकाकडे मोर्चा वळवला. चरक म्हणजे ओले कपडे पिळायचं जुनं यंत्र, दोन जाड रूळ आणि फिरवायला लोखंडी चाक. पिळायची मोठी विजेची मशीन आल्यापासून तो कोपऱ्यात गंजत होता आणि पुढच्या सोमवारी भंगारवाला तो उचलून नेणार होता. धाकटीनं रुळांत पट्टी घातली आणि चाक फिरवलं. बदाबदा पाणी गळलं. चेपून कागद झालेली पट्टी तिनं उतरत्या फळीवर टाकली आणि बोथट सुरीच्या पाठीनं खरवडली. हिरवा गर बाजूला झाला आणि फळीवर पसरला सोनेरी पांढरा झुपका, हातभर लांब!

"अहो! अहो, इकडे या!" ती किंचाळलीच.

नवरा इस्त्री टाकून धावला. टाकून म्हणजे उभी करून, बटण बंद करून. आईचा मुलगा होता तो, घर पेटलं असतं तरी आधी इस्त्री उभी केली असती. त्यानं धागा हातात घेतला, ओढला, पुन्हा ओढला.

"अगं, हे तुटत नाही."

"तेच तर!"

"हे कशातून काढलंस?"

ती नुसती हसत सुटली. त्यानं खोडांकडे पाहिलं, तिच्या हातावरून कोपरापर्यंत ओघळणाऱ्या चिकाकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "आई कुठं आहे?"

आई मागंच उभी होती.

सासूबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू बोलल्या, आणि त्या हळू बोलल्या की घरातली मांजरं सुद्धा उठून जात. "माझ्या लाँड्रीत. केळीची खोडं. धुतलेल्या कपड्यांपासून वीस पावलांवर."

"आई, यातून दोर होतील. चटया, पिशव्या, कापडसुद्धा होईल. लोक फुकट फेकून देतात हो! आणि आपल्याकडे पाणी आहे, हौद आहेत, वाळवायला जागा आहे, चरक आहे. सगळं आधीच आहे!"

"हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या मागे," दारातून जाऊबाई म्हणाल्या. जाऊबाई नेहमी दारातच असत. आतल्यांची बाजू घ्यायची की बाहेरच्यांची, हे शेवटपर्यंत ठरायचं नाही म्हणून.

सासूबाईंनी धाग्याचा झुपका दोन बोटांत धरला आणि नाकापाशी नेला. "दोर होईल म्हणतेस? ठीक आहे. मला वाळत घालायची दोरी करून दे. चौदा ओल्या चादरी आणि दोन ओली ब्लँकेटं सकाळपासून दुपारपर्यंत तिनं पेलायची. चादरी घरच्या, गिऱ्हाइकाच्या कापडावर माझ्याकडे प्रयोग होत नाहीत. दोरी तुटली तर खोडं बाहेर. आणि चादरीवर एक जरी डाग आला, मोहरीएवढा, तरी खोडं बाहेर. चरक भंगारात जाईल आणि तू घड्यांना बसशील. सोमवारपर्यंत वेळ आहे."

"आठ दिवस?"

"तुला फार वाटतात का?"

धाकटीनं जोरात मान हलवून नाही म्हटलं. तिला भीती वाटायला हवी होती, पण वाटला नुसता आनंद. सात वर्षांत सासूबाईंनी तिला पहिल्यांदाच काहीतरी करून दाखवायला सांगितलं होतं.

पहिली दोरी तिसऱ्या दिवशी झाली. चरकाच्या चाकाला तीन आकडे बांधून धाकटीनं धाग्यांच्या लडी अडकवल्या. नवरा चाक फिरवून पीळ भरायचा आणि ती पीळ सांभाळत मागे मागे सरकायची, पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोरी झाली अंगठ्याएवढी जाड, चांगली पंधरा पावलं लांब. नवऱ्यानं ती तुळईला बांधून स्वतः लोंबकळून पाहिलं. तुळई कुरकुरली, दोरी नाही. पण धाकटीनं पांढरा रुमाल भिजवून तिच्यावर दाबला, तर रुमालावर उमटला चहाच्या रंगाचा पट्टा. दोरीच्या अंगातला चीक अजून तिच्या अंगातच होता.

"डागच ना? मग घालवू," धाकटी म्हणाली. लाँड्रीतली बाई, तिला दुसरं काय सुचणार? नव्या धाग्यांच्या लडी तिनं कपडे उकळायच्या मोठ्या भट्टीत टाकल्या, सोडा टाकला, वर आणखी मूठभर टाकला आणि दोन तास खळाखळा उकळल्या. बाहेर काढल्या तेव्हा जाऊबाई दार सोडून पहिल्यांदा आत आल्या. धागा असा पांढरा आणि मऊ निघाला होता की गालाला लावावा. सगळ्यांनी खरंच लावून पाहिला. दुसरी दोरी शुक्रवारी तयार झाली. रुमाल दाबला, रुमाल कोरा! धाकटीनं नवऱ्याला मिठी मारली, मग जाऊबाईंना मारली, आणि तिघांनी मिळून एक ओलं ब्लँकेट दोरीवर टाकलं.

दोरी क्षणभर थांबली आणि तट्कन तुटली. ब्लँकेट चिखलात.

जाऊबाईंनी ब्लँकेट उचललं, पुन्हा धुवायला नेलं आणि जाता जाता हळूच म्हणाल्या, "पी हळद आणि हो गोरी, असं नसतं गं." त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. धाकटी पडवीच्या पायरीवर बसली आणि तिला रडू आलं. पेच अगदी साफ होता. उकळावं तर डाग जातो आणि त्याबरोबर ताकदही जाते. न उकळावं तर ताकद राहते आणि डागही राहतो. दोन दिवस उरले होते.

शनिवारी सकाळी ती चादरींच्या घड्या घालत बसली होती. मन कशातच नव्हतं. काउंटरवर एक गृहस्थ सदरा घेऊन आले, बाहीवर रक्ताचा तपकिरी डाग. दाढी करताना कापलं म्हणाले.

"घरी धुतलात?" सासूबाईंनी विचारलं.

"हो, लगेच. चांगल्या कढत पाण्यात."

"कढत?" सासूबाईंचा आवाज चढला. "अहो, डाग शिजवलात की तुम्ही! ओला असताना गार पाण्यात टाकला असता तर पोरानं सुद्धा काढला असता. आधी गार पाणी, मग परत गार पाणी, पाणी निवळ होईपर्यंत गार पाणी. डाग एकदा वाळला आणि वर ऊन पाणी पडलं की तो घर करून बसतो. मग सोडा घाला नाहीतर डोकं फोडा, कापड जातं पण डाग जात नाही!"

धाकटीच्या हातातली चादर अर्ध्या घडीवर थांबली.

खोडं बांधावर किती दिवस पडून होती? दोन? तीन? चीक त्यातच वाळला होता, काळा पडला होता. आणि तिनं काय केलं होतं? थेट भट्टीत, मूठ मूठ सोड्यात! म्हणून तर डागाबरोबर धाग्याचा जीवही गेला. ती डाग शिजवत होती. चाळीस वर्षं ज्या घरात हे पाठ म्हटलं जातं, त्या घरात सात वर्षं राहून ती डाग शिजवत होती!

चादर तिथंच टाकून ती धावत सुटली. सासूबाई मागून ओरडल्या, "घडी!" पण ती तोवर कोपऱ्यावर पोचली होती.

रविवारी उजाडता उजाडता बागवाले काकांची गाडी मागच्या दाराशी आली, आणि गाडीत त्याच पहाटे तोडलेली खोडं, कापलेल्या तोंडाशी अजून पाणी ठिबकत होतं. मग जे सुरू झालं ते काम नव्हतं, धुमाळी होती. नवरा सोपटं उलगडतोय, धाकटी चरक फिरवतेय, पट्टी फळीवर, गर बाजूला, धागा तत्काळ गार पाण्याच्या हौदात. पाणी तांबूस झालं की दुसऱ्या हौदात. मग तिसऱ्या. "अगं, माझ्या हातात दे ती सुरी, तू खरवडतेस की कुरवाळतेस?" असं म्हणत जाऊबाईंनी बाह्या वर सारल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांची बाजू ठरली. सातव्या पाण्याला हौदाचा तळ स्वच्छ दिसला. धागा पांढराशुभ्र नव्हता, लोण्याच्या रंगाचा होता. सावलीत वाळवला, विंचरला, आणि दिवस मावळायच्या आत पीळ भरला. आनंदानं तिघांचीही धांदल उडाली होती, कोण काय बोलतंय ते कुणालाच ऐकू येत नव्हतं. सासूबाई दिवसभरात एकदाही मागे फिरकल्या नाहीत.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही," जाऊबाई हात पुसत म्हणाल्या. कुणाबद्दल ते सगळ्यांना कळलं.

सोमवार उजाडला तो लख्ख उन्हाचा. नवऱ्यानं दोन खांबांमध्ये दोरी ताणली. सासूबाई आल्या त्या ओल्या चादरींची टोपली स्वतःच्या कमरेवर घेऊन. "कुणी हात लावायचा नाही. मी घालणार." चौदा चादरी त्यांनी एकेक झटकून दोरीवर टाकल्या, मधोमध दोन्ही ब्लँकेटं, पाण्यानं जड, निथळती. दोरी वाकली. धाकटीनं डोळे मिटले. उघडले तेव्हा दोरी तशीच होती, जरा खाली आलेली, पण तंग.

तास गेला, दोन गेले. कुणी कामाला हात लावेना. नवऱ्यानं एक विजार दोनदा इस्त्री केली. अकराला वारा सुटला आणि चादरी शिडासारख्या फुगल्या. खांब हलले, दोरी हलली नाही. धाकटीला नाचावंसं वाटत होतं, पण ती दोन्ही हात काखेत दाबून उभी राहिली. अर्धी लढाई जिंकली होती, अर्धी चादरींच्या घडीत दडून बसली होती.

बाराला भंगारवाला आला, हातगाडी आणि वजनकाटा घेऊन. "चरक कुठाय?"

"थांब," सासूबाई म्हणाल्या आणि चादरी काढायला लागल्या.

पहिली चादर उन्हात धरली, उलटसुलट केली. कोरी. दुसरी कोरी. जिथं दोरी टेकली होती तिथं त्यांनी चष्मा नेऊन पाहिलं, नखानं घासलं, वास घेतला. पाच. आठ. जाऊबाई मोठ्यानं मोजायला लागल्या. अकरा, बारा, तेरा! नवऱ्यानं धाकटीचा दंड इतका घट्ट धरला की तिला कळ आली.

चौदावी चादर सासूबाईंनी उघडली आणि त्या थांबल्या.

खालच्या कोपऱ्याजवळ तपकिरी डाग होता. मोहरीएवढा नव्हे, चांगला बोरासारखा. धाकटीला तो लांबूनच दिसला. तो रंग आता तिच्या ओळखीचा होता, आठ दिवस तिच्या हातावर तोच होता. रुमाल दाबून पाहिला होता तिनं, एकदा नाही, दहादा. कुठं चुकलं? कुठल्या लडीत राहिला तो थेंब?

"शर्त ती शर्त," ती कशीबशी म्हणाली. "मी खोडं बाहेर काढते, आई."

भंगारवाल्यानं बाह्या सरसावल्या. चरकाकडे दोन पावलं टाकली.

सासूबाई हलल्या नाहीत. त्या डागाकडे बघत होत्या. डाग दोरीपासून हातभर खाली होता, दोरी तिथं पोचलीच नव्हती; हे धाकटीला त्या घाबरलेल्या क्षणी सुचलं नाही, आणि बाकीच्यांनाही नाही. सुचलं एकट्या सासूबाईंना. त्यांनी नुसतं गप्प राहायचं होतं. खोडं गेली असती, चीक गेला असता, चाळीस वर्षांचा शत्रू त्यांच्या अंगणातून हरून गेला असता.

त्यांनी चष्मा काढला. मग उजवा हात वर केला आणि अंगठा त्या डागावर ठेवला. अंगठा डागावर बरोबर बसला, काठाला काठ लागून. अंगठ्याच्या रेघांमध्ये तोच तपकिरी रंग भरलेला होता.

"हा दोरीचा नाही," त्या म्हणाल्या. "माझा आहे."

"पहाटे तुम्ही सगळे झोपला होतात. काल उरलेल्या चार पट्ट्या हौदाजवळ पडल्या होत्या." त्या कुणाकडेच बघत नव्हत्या. "म्हटलं, बघावं तरी गार पाण्यानं हा चीक खरंच जातो का. चाळीस वर्षं मी हा डाग परत पाठवला गं, वाळलेलाच आणायचे सगळे. ओला असताना कधी बघितलाच नव्हता." मग जरा थांबून, लहान मुलीसारख्या ओशाळून, "चरक फिरवला मी. धागा निघाला. एवढा लांब निघाला."

आणि त्यांनी दोन्ही हात पसरून किती लांब ते दाखवलं.

धाकटी हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं, आणि दोन्हींतलं आधी काय थांबवावं हे तिला कळेना. जाऊबाई तर सरळ खाली बसल्या.

"बाई, चरकाचं काय?" भंगारवाला म्हणाला.

"जा बाबा तू. चरकाला तेल पाजायचंय." सासूबाईंनी चादर धाकटीच्या हातात दिली. "ही टाक गार पाण्यात. आत्ता. डाग मी काही मुद्दाम वाळू दिला नाही, पण वाळला. बघू, जातो का." पायरी चढता चढता त्या वळल्या. "बागवाले उद्या खोडं किती वाजता आणणार?"

"सहाला, आई."

"पाचला बोलाव. ऊन चढलं की चीक धरतो."